अर्धी खेप

मेस्त, म्हणजे आमचा मिस्त्री, छपरावरून उतरला, हाताची माती झटकली आणि म्हणाला, "टीचर, चाळीस नळे जाय."

जाय म्हणजे हवेत, आणि नळे म्हणजे आमची मंगळुरी कौलं. माझ्या मनात आकडा चारशे-पाचशेचा होता, त्यामुळे चाळीस ऐकून मला हायसं वाटलं. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल असं धरून चालले. ती चाळीस कौलं घरी यायला सव्वीस दिवस लागले.

एका विक्रेत्याकडे हजाराच्या खाली माल सुटत नव्हता. दुसऱ्याची द्यायची तयारी होती, पण टेम्पोचं भाडं कौलांच्या किमतीपेक्षा जास्त होत होतं. टेम्पोवाल्याला मी दोष देत नाही. फोंड्याहून आमच्या सावईवेरे गावापर्यंत यायचं, चढउताराचा, सुपारीच्या कुळागरांमधून वळणं घेत जाणारा रस्ता, आणि परतताना गाडी रिकामी. चाळीस कौलं असोत की चारशे, त्याला डिझेल तेवढंच लागतं. मग मी माझ्या छोट्या मोटारीच्या डिकीत बारा-बारा कौलं आणायला सुरुवात केली. पहिल्याच फेरीत तीन फुटली. शाळा सांभाळून हे सगळं करेपर्यंत जूनचा पहिला आठवडा आला. छपरावर प्लास्टिक अंथरलं आणि पावसाळा काढला.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. प्लास्टिकच्या कडेने पाणी आत येत राहिलं. ऑक्टोबरात कौलं काढून पाहिली तर खालचा वासा टोकाशी कुजलेला. वासा बसला म्हणून कौलं जिच्यावर टेकतात त्या रिपा वाकल्या, रिपा वाकल्या म्हणून शेजारची चांगली कौलं सरकली, आणि सरकलेल्या कौलांतून पाणी थेट जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीच्या माथ्यावर. मेच्या अखेरीला चाळीस कौलांचं काम होतं. दिवाळीपर्यंत ते सुतार, गवंडी आणि एका भिंतीचं काम झालं.

या एका पावसाळ्याने मला आमच्या भागातली घरं कशी पडतात ते शिकवलं. त्याआधी मला वाटायचं, जुनं घर म्हातारपणाने पडतं. आता माझं मत वेगळं आहे. चाळीस कौलं वेळेवर मिळाली नाहीत म्हणून ते पडतं.

घर आमच्या आजोबांच्या वेळचं. चिऱ्यांच्या जाड भिंती, पुढे बसायचे सोपे असलेली वसरी, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, राजांगणात तुळस. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. बाबा गेल्यावर घर माझं आणि माझ्या भावाचं झालं. भाऊ पुण्याला असतो. माया त्याचीही आहे घरावर. पण त्या दिवाळीत हिशेब पाहून तो म्हणाला, "ताई, पाडूया. नवीन बांधूया. दरवर्षी किती दिवस तू हे करणार?" आणि एका फोनवर, एका संध्याकाळी, त्याने पाडण्यापासून स्लॅबपर्यंतचा सगळा दर मिळवला. माल पोचता, माणसं त्यांची, गाड्या त्यांच्या. मी मात्र सहा महिने फोन करत होते आणि मला दहा चिरे आणून देणारं कुणी मिळत नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळा बाजार मोठ्या मापाचा आहे. वाळू ब्रासने, चिरे ट्रकभर, कौलं हजाराने. नव्या बांधकामाला ते माप बरोबर बसतं. दुरुस्तीचं माप निराळं. चौदा चिरे, दोन पोती चुना, एक वासा, साडेतीन फुटांची एक फळी, आणि त्याच दिवशी उलट दिशेने टाकायला अर्धी टोपली पडझड. ही अर्धी खेप वाहणारं कुणी नसतं. ती वाहणारी गाडी दारात असली पाहिजे, एवढंच मला कळलं होतं. डिसेंबरात मी एक जुनी चारचाकी पिकप घेतली.

टेम्पो हा शब्द आपण इतका आपलासा केलाय की तो मुळात एका जर्मन गाडीचं नाव होता हे कुणाला आठवत नाही. पुण्याच्या ज्या कंपनीने तो इथे रुजवला, त्या बजाज टेम्पोचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. आणि त्याच २००५ मध्ये टाटांची 'एस' आली, जिला लोक छोटा हत्ती म्हणतात. दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टनाचा भार, साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद हौदा. त्यानंतर या मापाच्या गाड्या बऱ्याच कंपन्यांनी काढल्या. माझी त्यातलीच एक, दोन हातांतून आलेली. मोठ्या, डबल केबिनच्या पिकप हल्ली पर्वरीपासून मडगावपर्यंत दिसतात आणि देखण्याही असतात. पण आमच्या वाड्यावरच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, त्या वळत नाहीत, आणि त्यांचा हौदा इतका उंच की चिरा उचलून ठेवणाऱ्याची कंबर जाते. हौदा मांडीइतका खाली हवा. घरकामासाठी गाडी घेणाऱ्याला मी दुसरं काही सांगणार नाही, एवढंच सांगेन.

कागदपत्रांची भीती मला बरीच होती, ती फुकट निघाली. पाटी पिवळी, म्हणजे गाडी मालवाहतुकीची. तरी भारासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, आणि माझ्या गाडीचं ते त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग, मग दरवर्षी. माझी आठाच्या पुढची, म्हणून दरवर्षी. आणि मोटारीच्या साध्या लायसनवर ही गाडी चालवता येते का, हा सगळ्यांचा प्रश्न ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मिटवला. ७,५०० किलोच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते.

चालवणं शिकावं लागलं नाही, भरणं शिकावं लागलं. हे काम आहे आणि त्याला डोकं लागतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

कौलं आडवी रचली तर खालची फुटतात. कौल उभंच ठेवायचं, धारेवर, एकाला एक चिकटून, दर दोन ओळींमध्ये गोणपाट. एक कौल अडीच-तीन किलोचं. म्हणजे अडीचशे कौलं हा माझ्या गाडीचा पुरा भार, आणि शंभर चौरस फुटांच्या छपराला दीडशेच्या आसपास लागतात. सिमेंटची पंधरा पोती म्हणजेही तेवढंच वजन, पण दिसायला हौदा अर्धा रिकामा. तिथे माणूस फसतो. रिकामी जागा डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाही. जड माल केबिनच्या बाजूला आणि तळाशी, हलका मागे आणि वर. प्लायवूडचा पत्रा आठ फुटी, हौदा सात फुटी. मागचा फाळका उघडून तो बाहेर काढायचा नाही, केबिनच्या जाळीला टेकवून तिरका उभा करायचा. वीस फुटी पाइप दुकानातच मापाने कापून घ्यायचे. माल बाहेर लोंबता ठेवला तर वीस हजारांचा दंड आहे. पण दंडाचं सोडा, आमच्या रस्त्यांवर मागून दुचाकीवर मुलं येत असतात, संध्याकाळी अंधार लवकर पडतो. मी माप आधीच लिहून नेते.

दोरी मात्र काथ्याची. नायलॉन सुटते, घसरते, हात कापते. काथ्या ओला झाला की आवळतो. हे मला मेस्ताने शिकवलं आणि गाठही त्यानेच शिकवली. दोरीच्या मध्ये फास, त्यातून टोक घेऊन खाली ओढायचं, म्हणजे ओढ दुप्पट लागते. पन्नाशी उलटल्यावर नवी गाठ शिकण्यातला आनंद मी वर्गात मुलांना सांगितला, तर दुसऱ्या दिवशी तीन मुलं दोऱ्या घेऊन आली.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगते. दुसऱ्या वर्षी जुलैत गडगा कोसळला. एका पडक्या गोठ्याचे चिरे मिळत होते. एक चिरा साधारण तीस किलोचा, म्हणून पंचवीस चिरे हे माझं गणित ठरलेलं. त्या दिवशी तीस घेतले, कारण पाऊस उघडला होता आणि पाच चिऱ्यांसाठी परत यायचं जिवावर आलं. पण चिरा सच्छिद्र दगड आहे. महिनाभर पावसात भिजलेला चिरा पाणी पिऊन बसतो आणि वजनाने वाढतो. त्या वाढलेल्या वजनाचा मी विचारच केला नाही. उतारावरच्या खड्ड्यात मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. गाडी एका अंगावर बसली. कुणाला लागलं नाही, पण मागे प्राथमिक शाळा होती आणि ती सुटायची वेळ होती, आणि ती गोष्ट मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून पावसाळ्यात माझा आकडा अठरा. अर्धी खेप वाहायला घेतलेली गाडी मी दीड खेपेला जुंपली होती.

चिऱ्याबद्दल थोडं लिहिते, कारण या सगळ्याच्या मुळाशी तो आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हा दगड पाहिला. जमिनीत असताना लोखंडी हत्याराने विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो, हे पाहून त्याने १८०७ मध्ये लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट म्हटलं. आमच्या भिंती त्याच्याच. ही भिंत पाणी पिते आणि उन्हात ते सोडून देते. तिला चुन्याचा गिलावा लागतो, कारण चुना ते पाणी बाहेर जाऊ देतो. वर सिमेंट फासलं तर ओल आत अडकते आणि दोन-तीन पावसांत गिलावा पापुद्र्यासारखा निघतो. आमच्या मागच्या खोलीला बाबांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून सिमेंट लावलं होतं. ते मी सगळं खरवडून काढलं. पंधरा दिवस रोज थोडं थोडं, शाळेतून आल्यावर. रोजची पडझड गोणीत, गोण्या हौद्यात, आणि शनिवारी ती खालच्या वाटेवरच्या खड्ड्यांत भराव म्हणून. येताना चुन्याचे दोन डबे. भिजवलेला चुना जितका मुरतो तितका चांगला, म्हणून तो आधीच आणून झाकून ठेवलेला बरा. ठेकेदाराला पंधरा दिवसांचं असलं रेंगाळतं काम परवडणार नाही. मला परवडलं, कारण गाडी दारात उभी होती आणि तिला घाई नव्हती.

कौलांची अडचण मात्र गाडीने सुटली नाही. मंगळुरी कौल म्हणून सगळी सारखी दिसतात, पण प्रत्येक कारखान्याच्या साच्यात थोडा फरक. खाचेत खाच बसत नाही, आणि तेवढ्या फटीतून पाणी येतं. आमच्या मूळ छपरावर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेची कौलं आहेत. पाठीवर नाव आणि १८६५. ते साल मंगळूरचा कारखाना निघाल्याचं. कौल त्याच साली भाजलं असं नव्हे. लहानपणी मात्र मला वाटायचं की आमचं छप्पर १८६५ चं आहे, आणि मी मैत्रिणींना तसं सांगायची. नवीन कौल या जुन्यांत बसत नाही. जुनीच शोधावी लागतात, आणि जुनी मिळतात ती फक्त मोडलेल्या घरांतून.

मेस्ताने बातमी आणली. दिवाडी बेटावर एक घर पाडत आहेत, छप्पर आमच्यासारखंच. मी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेले. घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. मुलं परदेशी, अर्धं छप्पर मागच्या पावसात खाली आलेलं. त्यांनाही कधी तरी चाळीसच नळे हवे असतील, असं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही. पायऱ्यांवर बसून त्या माणसांना ओरडत होत्या, "सवकास, सवकास काड!" कौल उलटून मी शिक्का पाहिला. तोच. चारशे कौलं मला हवी होती. त्यांनी पैसे सांगितले, मग थांबून विचारलं, "कितें करतली तूं?" मी म्हटलं, "आमच्या घराक घालतलीं, आंटी." मग त्यांनी पैसे निम्मे केले आणि चांगली कौलं निवडायला स्वतः उठल्या.

दोन खेपा झाल्या. परतताना मी नार्व्याच्या बाजूने फेरी धरली, तिथून आमोण्याचा पूल, खांडोळा, माशेल आणि घर. ओहोटी होती. ओहोटीला धक्क्याचा उतार वाढतो, आणि बोटीतून वर चढताना हौद्यातला सगळा माल मागे रेलतो. दोनशे कौलं धारेवर उभी. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न सोडता न दाबता, मी ती गाडी वर घेतली तेव्हा मागून एकही कौल वाजलं नाही. खलाशाने हात वर केला. मी थोडी पुढे जाऊन गाडी उभी केली आणि पाणी प्यायले.

तिथे जवळच सप्तकोटेश्वर. देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ मोडलं, भक्तांनी देव नदी ओलांडून अलीकडे आणला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला देऊळ बांधवून घेतलं. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं आहे. पण मोडलेलं काही तरी मांडवीच्या या पाण्यावरून अलीकडे आणून पुन्हा उभं करायचं म्हणजे काय, ते त्या दुपारी काथ्याची दोरी पुन्हा आवळताना मला हाताला कळलं.

गाडी दारात आहे हे वाड्यावर कळायला वेळ लागत नाही. पहिल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी शेजारचे तात्या फाटकाशी आले. "फाल्यां गाडी मेळटली?" उद्या त्यांना माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान आणायचं होतं. सुपारीची शिपटी, नारळाची पेण, केळ्यांचा घड, तोरिंजन. त्या एका खेपेत पाच घरांच्या माटोळ्या बाणस्तारीच्या बाजारातून आल्या. हौद्यात काय काय होतं! कुठली कांगलांची फळं कुणाची हे ओळखायला प्रत्येकाने वेगळ्या रंगाची दोरी बांधली होती. त्यानंतर कुणाची शिलाई मशीन, कुणाचं शेणखत, एका मुलीचं लग्नातलं कपाट, एकदा रात्री दोन वाजता विहिरीचा पंप. भाडं मी घेत नाही. डिझेल ज्याचं त्याने घालायचं. कधी कधी नकार द्यावा लागतो आणि तो मला जड जातो. पण पाटा तुटल्यानंतर भाराच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, तात्यांचंही नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. गेल्या दोन वर्षांत वाड्यावरच्या तीन घरांनी छपरं चाळून घेतली. एकाला तीस कौलं लागली, एकाला साठ. माझ्याकडच्या उरलेल्यांतूनच गेली बरीचशी. ही तिन्ही घरं पाडायच्या यादीत होती असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या वाशांना पाणी लागण्याआधी कौलं वर गेली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

भाऊ गेल्या चवथीला आला होता. रात्री धो धो पाऊस. तो उठून हातात टॉर्च घेऊन सगळ्या खोल्या फिरला, मागची खोलीसुद्धा. सकाळी म्हणाला, "ताई, न्हाणीच्या कोपऱ्यात एक थेंब आहे." मी म्हटलं, माहीत आहे, तिथे पाच लागतील.

दिवाडीच्या आंटींना मी वचन दिलं होतं की छप्पर झालं की दाखवीन. त्या विसरल्या नव्हत्या. फेब्रुवारीत त्यांनीच निरोप पाठवला. मी गाडी घेऊन गेले. केबिनमध्ये दोघींपुरती जागा, त्यांच्या मांडीवर बेबिंकाचा डबा. पिकपमध्ये बसायची त्यांची पहिलीच वेळ होती. फेरीवर त्यांनी काच खाली केली आणि बोट काठाला लागेपर्यंत मागे दिवाडीकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर चहा नको म्हणाल्या. थेट राजांगणात गेल्या, तुळशीजवळ उभ्या राहिल्या आणि मान वर केली. त्यांच्या कौलांचा रंग आमच्यापेक्षा जरा काळपट आहे, शेवाळ वेगळं धरलेलं, त्यामुळे पश्चिमेकडचा तो पट्टा ओळखू येतो. त्या एक ओळ, मग दुसरी, असं बोटाने मोजल्यासारखं बघत गेल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग पदराने डोळे पुसायला मी मान वळवली तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. "टीचर, तो पळय. तिसऱ्या वळीत. एक नळो सरकला."

खरंच सरकला होता. माकडं असावीत. मी शिडी आणायला मागच्या दारी गेले.